कांजीची चित्रं दीडशेनंतर एकमेकांत मिसळतात, काय चुकतंय?

बर्डी_ते_खापरी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची जेएलपीटी एन-4 परीक्षा द्यायची आहे. धरमपेठेतल्या क्लासमध्ये सांगतात की प्रत्येक कांजीचं (जपानीतल्या चिनी वळणाच्या अक्षराचं) एक चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे विसरणार नाही. पहिली शंभर-सव्वाशे अक्षरं अशीच बसली. डोंगर डोंगरासारखा दिसतो, नदी नदीसारखी, झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. आता 170 वर आलो तर सगळा काला झालाय. 'वाट पाहणे', 'धरणे', 'विशेष' आणि 'वेळ' ही चार अक्षरं मला एकच दिसतात. चित्र आठवतं, पण ते कोणत्या अक्षराचं ते आठवत नाही.

दुसरं म्हणजे चित्रातून अर्थ सुचतो, उच्चार सुचत नाही. एकेका अक्षराचे तीन-चार उच्चार, ते चित्रात कोंबायचे कसे? आणि चित्राला नाव मराठीत द्यायचं की इंग्रजीत? क्लासच्या नोट्स इंग्रजीत आहेत. रोज किती अक्षरं घ्यावीत तेही सांगा.

(इथे जपानी अक्षर टाकलं की नुसता चौकोन दिसतो, म्हणून सगळ्यांनी अर्थ आणि उच्चार लिहा.)

तुकडेमोड

तुम्ही अख्ख्या अक्षराचं एक चित्र करताय, गोची तिथेच आहे. डोंगर, नदी, झाड, डोळा अशी मुळात चित्रावरून आलेली अक्षरं थोडी आहेत आणि ती सगळी सुरुवातीलाच संपतात. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 कांजी आहेत, त्यांतली बहुतांश जोडकामाची: एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. त्यामुळे दीडशेनंतर चित्र अक्षराचं नको, तुकड्यांच्या भेटीचं हवं.

आधी तुकड्यांना नावं द्या. पन्नास-साठ नावांनी सुरुवात पुरे. डावीकडचे तीन ठिपके म्हणजे 'शिंतोडे' (समुद्र, तळं, धुणे, पोहणे, दारू, सगळीकडे हेच). डावीकडची एक तिरपी आणि एक उभी रेघ म्हणजे 'उभा माणूस'. त्याच्यावर आणखी एक तिरपी आली की 'चालता माणूस'. या दोघांना वेगळी नावं दिली नाहीत तर पुढे हमखास रडायची पाळी येते. एका तुकड्याला एकच नाव आणि ते शेवटपर्यंत तेच, आज 'हृदय' आणि उद्या 'मन' असं चालणार नाही.

नावं मराठीतच द्या, आणि जमलं तर आपल्या बोलण्यातली. डोळ्याला खाली दोन आखूड पाय फुटल्यासारखा एक तुकडा आहे, उच्चार 'काइ', अर्थ शिंपला. प्राचीन चीनमध्ये कवड्या पैसे म्हणून चालत, म्हणून विकत घेणे, खर्च, संपत्ती, गरिबी या सगळ्या अक्षरांत तो बसलाय. इंग्रजी नोट्समधल्या 'शेल'ला पैशाचा वास येत नाही. 'कवडी' म्हटलं की कवडीमोल, फुटकी कवडी, दमडी-कवडी सगळं आपोआप येतं. गरीब या अक्षरात वर 'वाटणे' आणि खाली 'कवडी' आहे: होती नव्हती ती कवडी वाटून टाकली. एवढंच चित्र, दुसऱ्या वाक्याची गरज नाही. (कवडीचे पाय सुटे आणि आखूड असतात. उजवा पाय लांब होऊन टोकाला वर वळला की ते 'पाहणे' झालं, तिथे फसू नका.)

आता जागा. चित्रात तुकडे असून भागत नाही, कोणता कुठे बसलाय तेही दिसलं पाहिजे. 'मरण' आणि 'काळीज' या दोन तुकड्यांची दोन अक्षरं होतात. काळीज डावीकडे उभं केलं तर 'कामात गढलेला', खाली बसवलं तर 'विसरणे'. दोन्हींसाठी 'मेलेलं काळीज' असं चित्र केलंत तर परीक्षेत नाणं उडवावं लागेल. गढलेल्या माणसाचं काळीज उभंच आहे, त्याला मरायलाही फुरसत नाही. विसरणाऱ्याच्या काळजावर 'मेलं' वरून येऊन आदळतं: 'अगं मेलं, विसरलेच की!' एक उभं, एक दबलेलं. जागा चित्रातच आली.

आणि तुमची ती चार अक्षरं. चौघांच्या उजवीकडे एकच तुकडा आहे, देऊळ: वर माती, खाली लहान मापाचा तुकडा. नेहमीच्या पाहण्यातलं महादेवाचं देऊळ घ्या, तेलंगखेडीचं घेतलंत तरी चालेल, आणि चौघांना त्याच देवळात आणा. डावीकडे सूर्य असेल तर 'वेळ': सूर्य कळसाला लागला, घंटा झाली. डावीकडे हात असेल तर 'धरणे': पूजेचं ताट हातात धरलंय. चालता माणूस असेल तर 'वाट पाहणे': महाशिवरात्रीची रांग, चालता माणूस थांबलाय. आणि गाय-बैल असेल तर 'विशेष': नंदी. देवळात जनावराला बसायची परवानगी फक्त त्याला, म्हणून विशेष. पुढे 'उभा माणूस' आला की दारावरचा सामुराई आणि 'बोलणं' आलं की स्तोत्र, म्हणजे कविता. एका देवळात सहा अक्षरं बसतात.

सारखी दिसणारी अक्षरं लांब-लांब शिकावीत असा सल्ला मिळतो. पहिल्या भेटीला तो ठीक आहे. पण एकदा गोंधळ झाला की त्यांना एकत्र बसवून फरकावरच चित्र बांधायचं, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

पाणी_द्या_जल_नको

उच्चारांबद्दल लिहितो, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात.

ओन (अक्षराचा चिनी वळणाचा उच्चार) आणि कुन (अस्सल जपानी उच्चार) हे प्रकरण मराठी माणसाला नवीन नाही. आपल्याकडे 'जल' आणि 'पाणी' आहेत, 'हस्त' आणि 'हात' आहेत. टपरीवर 'एक ग्लास जल द्या' कोणी म्हणत नाही, आणि 'पाणीप्रपात' असाही शब्द नाही. जपानीतही एकटं पाणी 'मिझु', पण बुधवार, म्हणजे 'जलवार', 'सुइयोऽबि'. एकटा हात 'ते', पण हस्तांदोलन 'आकुशु', त्यात हाताचा 'शु' झाला. ओन उच्चार चीनमधून आला, तो बहुधा समासात राहतो. कुन घरचा, तो एकटा किंवा क्रियापदाच्या शेपटीसह येतो. म्हणून 'पाणी: सुइ, मिझु' अशी यादी घोकू नका. 'मिझु' हा एक शब्द आणि 'सुइयोऽबि' हा दुसरा शब्द असे पाठ करा. जन्म-जीवन या अर्थाचं जे अक्षर आहे (सेन्सेइमधला 'सेइ') त्याचे उच्चार मोजायला बसलात तर परीक्षा निघून जाईल. गाकुसेइ, इश्शोऽ, तान्जोऽबि, इकिरु, उमारेरु, नामा, असे शब्दच घ्या.

कुन उच्चारासाठी मराठी शब्दांचं नातं लावता येतं, आणि ते इंग्रजीपेक्षा छान जमतं. नदी 'कावा': नदी ओलांडून गनिमी कावा. तीन झाडांचं जंगल 'मोरी': घरच्या मोरीत जंगल माजलंय. गाय 'उशी': गायीच्या पोटाला टेकून झोपलात, तीच उशी. कान 'मिमि': समोरचा सारखा 'मी, मी' करतोय आणि आपले कान किटलेत. हे सगळं फक्त एक-दोन अक्षरी नामांपुरतं. क्रियापदांना असं नातं लावायला गेलात की ओढाताण होते, वेळ जातो.

यात एक खड्डा आहे. देवनागरीत लांब 'ओ' वेगळा दाखवता येत नाही. 'कोको' म्हणजे इथे आणि 'कोऽकोऽ' म्हणजे हायस्कूल. वहीत दोन्ही 'कोको' लिहिलंत तर ऐकण्याच्या पेपरात मार्क गेले. म्हणून लांब ओ-ला अवग्रह लावा, मी वर लावलाय तसा. जोड व्यंजनाची मात्र आपल्याला चिंता नाही, गाक्कोऽ, किप्पु आपण सरळ लिहितो. आणि 'त्सु' म्हणजे चुन्यातला 'चु', चुलीतलाही तोच. त्याला रोमन लिपीतून शिकायची गरजच नाही.

ओनसाठी चित्र बनवूच नका, घराणी पकडा. 'निळा' या अक्षराचा ओन 'सेइ'. त्याला शिंतोडे लावा, 'स्वच्छ' होतं, सेइ. सूर्य लावा, 'निरभ्र', सेइ. बोलणं लावा, 'विनंती', सेइ. तांदूळ लावा, 'कांडून पांढरा केलेला तांदूळ, अर्क', तोही सेइ. एका उच्चारात पाच अक्षरं. उभं काळीज लावलं की 'भावना' होते आणि ती मात्र 'जोऽ'. घराणं फुटलं की अपवादावर लाल खूण करा. वर तुकडेमोड यांनी घेतलेलं देवळाचं घराणं यात कच्चं आहे: वेळ, धरणे, सामुराई तिघांचं 'जि', कविता 'शि', पण वाट पाहणे 'ताइ' आणि विशेष 'तोकु'. तिथे देऊळ अर्थासाठी वापरा, उच्चारासाठी त्याच्यावर विसंबू नका.

झिरोमाईल

चित्रं-बित्रं ठीक, पण काही जोड्या एका रेघेच्या फरकाच्या असतात. तिथे गोष्ट रेघेचीच पाहिजे.

गाय आणि मध्यान्ह. गायीची उभी रेघ वरच्या आडव्या रेघेच्या बाहेर डोकावते, मध्यान्हाची डोकावत नाही. मे महिन्यात नागपुरात बारा वाजता डोकं बाहेर काढायचं नाही, झालं.

उजवा आणि डावा. उजव्यात तोंड आहे, डाव्यात कारागिराचं अवजार. आपण जेवतो कोणत्या हातानं? (लिहिताना उजव्याची तिरपी रेघ आधी, डाव्याची आडवी आधी. काऊन ते विचारू नका, पण तसंच आहे.)

'अजून नाही' आणि 'शेवट'. दोन्ही झाडंच. वरची आडवी आखूड असली तर झाड अजून वाढायचंय, लांब असली तर शेंड्याला पोचलं.

विश्रांती आणि शरीर. शरीरात झाडाच्या बुंध्यावर एक आडवी रेघ जास्त.

आणखी एक. डावीकडे चंद्र दिसला की तो बहुतेक वेळा चंद्र नसतो, मांस असतं. बाहू, पोट, फुप्फुस, मेंदू बघा. 'चांदण्यात चमकणारं फुप्फुस' अशी चित्रं करत बसू नका.

बर्डी_ते_खापरी

नंदी डोक्यातून जाणार नाही आता. मराठी नावांचं पटलं, पण एका ठिकाणी मराठीच आड येतेय. 'कारिरु' आणि 'कासु' या दोन्हींसमोर मी 'उसने' लिहिलंय, आणि रोज उलटसुलट होतं. माझी गोष्ट अशी आहे, तपासून सांगा: 'एक माणूस जुन्या काळी आपल्या शेजाऱ्याकडे जातो, त्याला कवड्या मागतो, शेजारी म्हणतो ठीक आहे पण परत दे, मग तो त्या बदल्यात दुसरं काहीतरी ठेवतो.' दोन्ही अक्षरांना हीच एक गोष्ट वापरतो.

आणि 'बोलणे' या अर्थाची चार अक्षरं आहेत, चारही कार्डांवर 'बोलणे'च लिहिलंय.

तुकडेमोड

गोष्ट लांब आहे, आणि एकच गोष्ट दोन अक्षरांना लावली की ती दोघांतलं कोणतंच सांगत नाही. शिवाय शेजारी अक्षरात कुठेच नाही. अक्षरात नसलेलं पात्र गोष्टीत आलं की पुढे तेच पात्र तुकडा म्हणून आठवतं आणि तुम्ही नसलेली रेघ शोधत बसता. दोन तुकडे, एक क्रिया, एक वाक्य.

कारिरु, म्हणजे उसने घेणे: डावीकडे उभा माणूस, उजवीकडे 'फार पूर्वी'. कवडीचा पत्ता नाही. 'हा माणूस फार पूर्वी घेऊन गेला, अजून उभाच आहे.' कासु, म्हणजे उसने देणे: वर 'बदली', खाली कवडी. ज्याच्याकडे कवडी आहे तोच देऊ शकतो. खाली कवडी दिसली की देणारा, नाही दिसली की घेणारा. ओन पण फुकट मिळतो: 'बदली'चा ताइ, कासुचाही ताइ. कार्डावर नुसतं 'उसने' लिहू नका, 'उसने नेणे' आणि 'उसने देणे' लिहा.

बोलण्याचं तसंच. म्हणणे (इउ), गप्पा मारणे (हानासु), भाषा (निहोन्गोमधला गो), समजावून सांगणे (सेत्सुमेइमधला सेत्सु). मराठीत इतके शब्द असताना चौघांना एकच नाव का द्यायचं? दोन कार्डांवर एकच अर्थ आला की थांबा, दुसरा शब्द शोधा, मगच कार्ड पक्कं करा.

अमूर्त अक्षरांना अर्थाचं चित्र काढू नका, वापराचं काढा. 'विशेष'चं चित्र होत नाही, नंदीचं होतं.

आणि खरी व्युत्पत्ती शोधण्यात रात्री घालवू नका. 'पूर्व' म्हणजे झाडामागून उगवणारा सूर्य असं सगळे सांगतात. अभ्यासकांच्या मते ती दोन्ही टोकं बांधलेली पिशवी होती आणि दिशेसाठी फक्त तिचा उच्चार उसना घेतला. सूर्य-झाड चुकीचं असलं तरी आठवायला उत्तम आहे, तेच ठेवा.

चौकटीची_वही

किती घ्यायची त्याचा हिशोब. एन-4 ला साधारण 300 कांजी धरतात (अधिकृत यादी जाहीर होत नाही), तुमची 130 राहिली. रोज 6, आठवड्यातून 5 दिवस, म्हणजे आठवड्याला 30. साडेचार आठवड्यांत नवीन संपतात. अँकी (कार्डांच्या उजळणीचं ॲप) मुळात रोज 20 नवीन कार्डं देतं, ते आधी कमी करा. रोज 10 नवीन घेतली तर काही आठवड्यांत उजळणीच 70 ते 100 कार्डांवर जाते आणि लोक तिथेच सोडून देतात. बर्डी ते खापरी मेट्रोत उजळणीच करा. नवीन अक्षर टेबलावर बसूनच, कारण चित्र बांधायला शांतता लागते.

एक कार्ड 8 वेळा चुकलं की अँकी त्याला जळू अशी खूण लावतं. तेव्हा आणखी घोकू नका, चित्र पाडून नवीन बांधा. बहुतेक वेळा त्यात जागा नसते किंवा तुकड्याचं नाव बदललेलं असतं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्यातला शब्द, मागे उच्चार, अर्थ आणि चित्राची एक ओळ. पहिल्या आठवड्यात चित्र आठवून उत्तर द्या. महिन्याभराने चित्राशिवाय उच्चार येत असेल तर ती ओळ खोडून टाका. वाचताना प्रत्येक अक्षरामागे देऊळ दिसत राहिलं तर एन-4 च्या दुसऱ्या पेपरची 55 मिनिटं पुरणार नाहीत.

लिहिण्याबद्दल. जेएलपीटीत हाताने काही लिहायचं नसतं, म्हणून पुष्कळ जण लिहीतच नाहीत. पण शब्दांच्या पेपरात शब्द हिरागानात (नुसता उच्चार दाखवणाऱ्या जपानी लिपीत) देऊन चार कांजी समोर ठेवतात, त्यांत डावीकडचा तुकडा बदललेली सख्खी भावंडं असतात. म्हणून प्रत्येक नवीन अक्षर तीनदा लिहा, तीसदा नको. प्राथमिक शाळेची चौकटीची गणिताची वही घ्या आणि चार चौकटी मिळून एक घर धरा. मधली उभी रेघ आयती मिळते. डावा तुकडा त्या रेघेच्या अलीकडे, थोडा अरुंद. पेन ठेवताना तुकड्यांची मराठी नावं मनात म्हणायची: 'चालता माणूस, माती, माप'. तिसऱ्यांदा वरचं झाकून लिहायचं. अडलात तर हात जिथे थांबला तोच तुकडा तुमच्या चित्रात नाहीये.

झिरोमाईल

ती वही मोठ्या चौकटीची घ्या बरं, बारीक चौकटीत 'बोलणं'च्या सात रेघा मावत नाहीत.